सत्ताविसावा गडी

म्हाताऱ्यानं घडी घातलेली पांढरी चादर उचलली, झटकली, आणि ती हवेत फुगलेली असतानाच दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत आडवे फेकले. तळवे जमिनीकडे, बोटं जुळलेली, हनुवटी किंचित वर. समोरच्या आरशात हे सगळं क्षणात घडलं आणि संपलंही. चादर शिनोमियाच्या मांडीवर उतरली, गळ्याभोवती पट्टी आवळली गेली, घट्ट नाही ना झाली, असं म्हाताऱ्यानं विचारलं आणि त्यानं सवयीनं नाही म्हटलं. पण त्याच्या उजव्या पायाचा तळवा बुटाच्या आत, खुर्चीच्या लोखंडी पायटीवर, आपोआप खाली दाबला गेला होता. बाहेरच्या कडेनं. जणू पायटी तिथून निसटून जाणार होती. आधी पायाला कळलं, मग पोटाला, आणि सगळ्यात शेवटी त्याला. हा तोच. नाव त्याला कधीच ठाऊक नव्हतं. बेसबॉलच्या अंपायरचं नाव कोण लक्षात ठेवतं? चेहराही टोपीच्या सावलीत अर्धाच दिसलेला. लक्षात राहिली होती ती ही एवढीच लकब: बाकीचे अंपायर हात फेकतात आणि मागे घेतात, हा मात्र हात पसरून एक श्वासभर तसाच उभा राहायचा, आणि त्या श्वासात हनुवटी उचलायचा. इथं येण्याचं खरं तर शिनोमियाला काही कारण नव्हतं. त्याचा नेहमीचा सलूनवाला गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात होता, उद्या मेहुणीच्या मुलीचं लग्न होतं, अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो ताकामात्सूच्या छपरी बाजारातून निघाला होता आणि बाजूच्या गल्लीत लाल-निळा खांब फिरताना दिसला म्हणून आत वळला, एवढंच. एकोणतीस वर्षं ज्या माणसाला त्यानं मनातल्या मनात शेकडो वेळा गाठलं होतं, कधी रेल्वेच्या फलाटावर, कधी उदोन शेवयांच्या दुकानातल्या रांगेत, एकदा तर वडिलांच्या अंत्यविधीला आलेल्या मंडळींत, तो माणूस आता दोन बोटांनी त्याचं डोकं पुढे वाकवून मानेवरून कंगवा फिरवत होता. मागं बारीक करू का, असं विचारत होता. करा, शिनोमिया म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

आरशाच्या वर, घड्याळाच्या शेजारी, एक फोटो होता: मैदानाच्या कडेला उभे चार अंपायर, निळे शर्ट, हात पाठीशी. डावीकडून दुसरा हा. त्याखाली संघटनेचं आभारपत्र, चौकटीत. म्हणजे शंकेलाही जागा उरली नव्हती, आणि शिनोमियाला या गोष्टीचाच विलक्षण राग आला. त्याच्या कल्पनेतला तो माणूस असा नव्हता. तो जाड होता, घाईतला होता, जेवणाच्या डब्याकडे डोळे लावून बसलेला होता. हा तर वाळलेल्या शेंगेसारखा म्हातारा, सत्तरी ओलांडलेला, नखं स्वच्छ कापलेली. कोपऱ्यात उंचावर देवाची लहानशी फळी, तिच्यावर आज सकाळीच बदललेलं पाणी आणि हिरवी फांदी. रिकाम्या दुसऱ्या खुर्चीत त्याची बायको बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती, आणि शेजारणीकडून आलेल्या संत्र्यांचं काय करायचं, एवढी संत्री दोन म्हाताऱ्यांनी खायची कधी, असं काहीसं स्वतःशीच बोलत होती. अशा घरात रागानं शिरायचं कुठून? कात्री कानामागे करकरत होती आणि पांढऱ्या चादरीवर केस पडत होते, काळ्यापेक्षा करडेच जास्त. आपण सत्तेचाळीस वर्षांचे आहोत हे त्याला त्या केसांनी सांगितलं. त्या सामन्याच्या दिवशी अठरा पूर्ण व्हायला दोन महिने होते.

समुद्राकडचं ते जुनं मैदान, काळ्या मातीचं. जुलैचा शेवटचा आठवडा, सकाळचा दुसरा सामना, आणि झाडांवरच्या किड्यांचा असा कल्ला की तो आवाज न वाटता उन्हाचाच एक भाग वाटावा. सहाव्या डावानंतर त्याच्याशी बोलणं सगळ्यांनी बंद केलं होतं. तशी रीतच आहे. चेंडू टाकणाऱ्या पिचरनं एकालाही बेसवर पोचू दिलेलं नसेल तर त्याच्याशी बोलायचं नाही, त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही, त्याच्या शेजारी बसायचंही नाही. कुणीतरी जवाच्या गार चहाचा पेला त्याच्या बाकावर ठेवून पाय न वाजवता निघून गेलं. तो एकटा बसून पेल्याबाहेरचे थेंब बघत होता, आणि त्या एकटेपणाइतकं सुख त्याला पुढे कधीही, कुणाच्याही सोबत लाभलं नाही. नऊ डाव, सत्तावीस गडी. एकही पहिल्या बेसपर्यंत जाऊ द्यायचा नाही. सव्वीस झाले होते. सत्ताविसावा बदली म्हणून आलेला बुटका, डावखुरा मुलगा. भीतीनं त्याची बॅट हलत होती. दुसऱ्या चेंडूला ती नुसती लागली. चेंडू सरपटत पहिल्या बेसच्या रोखानं गेला, तिथल्या गड्यानं पुढे येऊन तो उचलला, म्हणजे बेस रिकामा पडला, आणि अशा वेळी पिचरनं धावत जाऊन तो सांभाळायचा असतो. चेंडू हातात घेऊन बेसला पाय लावला आणि धावणारा नंतर पोचला, तर तो बाद. तो धावला. हजारदा केलेलं काम. चेंडू छातीच्या उंचीवर आला, डाव्या हातातल्या ग्लव्हच्या चामड्यात बसला, शिवण अंगठ्याच्या मुळाशी टोचली, आणि उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेला बेसची कॅनव्हासची कड लागली. हे एवढं झाल्यावर, एवढं सगळं झाल्यावर, शेजारून तो मुलगा धापा टाकत गेला. गरम हवेचा झोत, घामाचा वास. त्यानं मान वळवली आणि दोन पावलांवर हे हात दिसले. आडवे. पसरलेले. सेफ, म्हणजे बाद नाही. एक श्वासभर तसेच.

आणि यातलं सगळ्यात चमत्कारिक म्हणजे ते जिंकले. पुढच्या गड्यानं पहिलाच चेंडू आभाळात उडवला, तो झेलला गेला, एक विरुद्ध शून्य. सगळे धावत आले, त्याला उचललं, रडले. ते हरले असते तर त्याला निदान दुःख करायला जागा मिळाली असती. नोंदवहीत एक हिट लागला, म्हणजे टोला मारून एकानं बेस गाठला. एक हिट देऊन जिंकलेला सामना, चांगलीच कामगिरी. तीन दिवसांनी पुढच्या सामन्यात त्यांना अकरा धावांनी धुतलं आणि तो उन्हाळा संपला, बेसबॉलही संपला. आपलं काय गेलं हे त्यानं कुणाला सांगायचं? संघ जिंकला असताना स्वतःच्या विक्रमाचं रडगाणं गाणारा पोरगा म्हणजे निर्लज्जपणाची कमाल. निशियामासरांनी, त्यांच्या प्रशिक्षकांनी, उलट त्याचं कौतुक केलं. चेंडूफेकीचं नव्हे, त्यानंतरच्या गोष्टीचं. निकाल ऐकल्यावर त्यानं टोपी काढून अंपायरला वाकून नमस्कार केला होता. सर ही गोष्ट पुढच्या वीस वर्षांच्या प्रत्येक तुकडीला सांगत आले. त्यांच्या निवृत्तीच्या जेवणात त्याला उभं करून त्यांनी ती पुन्हा सांगितली, आणि पन्नास माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यानं पुन्हा वाकून नमस्कार केला. घरी आल्यावर योशिएला, बायकोला, त्यानं पहिल्यांदा आणि शेवटचं ते सांगायचा प्रयत्न केला. ती ऐकत होती. मग म्हणाली, पण तुम्ही जिंकलात ना? तिच्या आवाजात टोमणा नव्हता, खरीखुरी विचारणा होती.

खुर्ची मागे आडवी झाली. छत दिसलं, पिवळसर, एका कोपऱ्यात ओल आल्याचा डाग. वरच्या मजल्याच्या नळाची जोडणी गळतेय, त्याच्या डोक्यानं आपोआप नोंद केली. मग गरम टॉवेल आला आणि सगळं पांढरं, ओलं, अंधारं झालं. टॉवेलाच्या आत त्याचा श्वास त्याच्याच तोंडावर परत येत होता. बाहेर म्हातारा वस्तऱ्याला धार लावत होता, चामड्याच्या पट्ट्यावर, जा-ये, जा-ये, आणि त्या आवाजाकडे शिनोमियाचे कान ओढले गेले, कारण ऐकणं हाच त्याचा धंदा होता. पाणीखात्यात त्याची पंचवीस वर्षं गळती शोधण्यात गेली होती. लोखंडी काठीचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाशी, आणि जमिनीखाली कुठं पाणी वाया जातंय ते ऐकायचं. शहर नेहमीच पाण्याला तहानलेलं, त्यामुळे हे काम फालतू नव्हतं. पण त्या कामानं त्याला एक शिकवलं होतं: आवाज खोटं बोलतो. गळती असते इथं आणि आवाज फुटतो तिथं; दगडातून लवकर येतो, मातीतून उशिरा; शेजारी एखादा पंप सुरू असला तर त्याचीच धडधड नळाची वाटते. नवखी पोरं पहिल्या आवाजावर विश्वास ठेवून भलतीकडेच रस्ता खणतात. शिनोमिया तीनदा ऐकतो. दुसऱ्यालाही काठी देतो. त्याचं खणणं सहसा चुकत नाही, आणि खात्यात त्याला याबद्दल मान आहे, आणि दर वेळी बरोबर जागी पाणी लागलं की त्याला तो सामना आठवतो आणि आनंदाची चव जाते.

टॉवेल निघाला. फेस लावताना म्हातारा त्याच्या गालाशी इतका वाकला की त्याच्या श्वासाला येणारा भाजलेल्या चहाचा वास कळत होता. आता विचारायचं. पण काय? शिनोमियानं फोटोचा विषय काढला, अगदी सहज, बेसबॉलचा शौक दिसतोय म्हणून. म्हाताऱ्याआधी बायकोच बोलली. शौक कसला साहेब, खूळ म्हणा. बत्तीस उन्हाळे यांनी दुकान बंद ठेवून दुसऱ्यांच्या पोरांच्या मागं उन्हात काढले, ना पगार ना पाणी. वर म्हणाली, "घरात आमटीला मीठ कमी पडलं तर यांना कळत नाही, आणि हे म्हणे निकाल देणार." म्हातारा नुसता हसला. या वर्षी सोडलं, त्यानं सांगितलं. डोळे ठीक आहेत, पण डावा कान गेला. कान गेल्यावर पहिल्या बेसवर उभं राहता येत नाही. तिथं डोळे बेसवर ठेवायचे, पायावर. चेंडू बघायचाच नाही. चेंडू कानानं घ्यायचा. चामड्यात बसल्याचा आवाज आधी की पाय आधी, एवढंच. हे तो सांगत असताना वस्तरा शिनोमियाच्या कानाजवळच्या कल्ल्यापासून खाली येत होता, एका संथ, न थांबणाऱ्या रेषेत, आणि शिनोमियाला जबडा हलवता येत नव्हता.

वस्तरा पुसायला म्हातारा वळला तेव्हा शिनोमियानं विचारलं, चुका होत असतील ना. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला.

होतात की, म्हातारा म्हणाला. त्याला हा प्रश्न नवा नसावा. बत्तीस वर्षांत अकरा. म्हणजे मला कळलेल्या अकरा. त्याच्या बोलण्यात ना बढाई होती ना खंत. मणी मोजावेत तसं तो बोलत होता. चूक कळली की आठवड्याच्या आत त्या शाळेत जायचं, फाटकाशी उभं राहायचं, त्या पोराला आणि त्याच्या सरांना वाकून माफी मागायची. आणि त्या दिवसापासून वर्षभर तळलेला तोफू सोडायचा. उदोनवरचा गोड तळलेला तोफू हा त्याचा जीव की प्राण होता. बायको म्हणाली, बघा ना, अकरा वर्षं यांना मी कोरडं उदोन वाढलं, आणि सोबत मलाही तेच. यांच्या चुकांचा उपास मला. देवापुढे काही बोललं की मोडायचं नाही, म्हातारा म्हणाला, त्यात काय एवढं. मग तो एकेक चूक सांगत गेला, आणि शिनोमिया डोळे मिटून, हात चादरीखाली खुर्चीच्या मुठींवर आवळून, वाट बघत राहिला. साकाइदेच्या शाळेचा तिसऱ्या बेसवरचा मुलगा, धूळ उडाली म्हणून दिसला नाही. कुंपणाला लागलेला चेंडू. मारुगामेचा एक पिचर. पिचर म्हटल्यावर शिनोमियाला वाटलं आपणच, पण ते दुसरंच होतं, पावसातलं, कुणी दुसराच. सात. आठ. कल्ला, गाल, ओठांच्या वरचा भाग. वस्तरा नाकाला हलकेच उचलून खाली गेला. दहावी चूक सांगताना म्हाताऱ्याचा आवाज जरा ओलावला, कारण तो पोरगा पुढे आजारपणात गेला होता, आणि शिनोमियाला त्या मेलेल्या पोराचा हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याची शरम, आणि शरमेवर पुन्हा राग. अकरावी तीन वर्षांपूर्वीची निघाली.

म्हणजे तो यादीतच नव्हता.

एकोणतीस वर्षं तो जी जखम सांभाळत होता ती या माणसाच्या हिशेबी झालेलीच नव्हती. त्यानं कल्पनेत या माणसाला खोटारडा केलं होतं, झोपाळू केलं होतं, समोरच्या शाळेचा माजी विद्यार्थी केलं होतं. कधी मायेनं, त्याला रात्र रात्र तळमळतही ठेवलं होतं. फक्त निवांत झोपलेला असेल हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. छताचा डाग त्याला आता एखाद्या बेटासारखा दिसत होता. बोलू नये, असं त्याला वाटलं. उठून जावं. पण अर्ध्या चेहऱ्यावर फेस होता, गळ्याला पट्टी होती, आणि अर्ध्या दाढीनं बाजारातून चालत जाणारा पाणीखात्याचा अधिकारी कसा दिसेल हाही विचार त्याला आला, आणि अशा वेळी असले विचार येणाऱ्या आपल्या स्वभावाची त्याला किळस आली. मग तो बोलला. साल सांगितलं, मैदान सांगितलं, शाळेचं नाव, नववा डाव, दोन बाद, एक विरुद्ध शून्य. पहिल्या बेसवर पिचर आला होता. हे सगळं तो छताकडे बघत, पत्ता सांगावा तसं सांगत गेला. शेवटी म्हणाला, "तो मी."

टॉवेलांच्या घड्या घालणं थांबलं. वस्तरा त्याच्या हनुवटीखालून निघून गेला. म्हाताऱ्यानं तो मिटून, दोन्ही हातांनी, आरशाखालच्या फळीवर ठेवल्याचा बारीकसा आवाज आला. मग म्हातारा म्हणाला, "डावखुरा मुलगा. बुटका. त्याच्या शाळेच्या पोरांचा ढोल वाजत होता."

"म्हणजे आठवतंय तुम्हाला."

आठवतंय, म्हातारा म्हणाला. असा सामना आयुष्यात एकदाच वाट्याला येतो, पिचरच्याच नव्हे, अंपायरच्याही. शिनोमिया खुर्चीत उठून बसायला गेला. म्हाताऱ्यानं कळ दाबून खुर्ची सरळ केली, आणि आता दोघं एकमेकांना आरशातून दिसत होते, एक उभा, एक बसलेला, बसलेल्याच्या अर्ध्या तोंडावर वाळत चाललेला फेस. शिनोमियानं त्याला आपल्या धंद्यातलं सांगितलं, आवाज कसा फसवतो ते. ढोलाचा ठोका आणि चामड्याचा आवाज एकत्र आले तर कान मागचाच आवाज धरतो, हे आमच्याकडच्या नवख्या पोरालाही माहीत असतं. सांगताना त्याचा स्वर चढत गेला. पायाला कड लागली होती, काका, चेंडू आधी होता, तो पोरगा नंतर गेला. इतकी वर्षं तयार ठेवलेली वाक्यं होती ती, आणि बाहेर पडताना त्यांची धार गेलेली होती, वाळलेल्या भातासारखी ती सुटी सुटी पडत होती.

म्हाताऱ्यानं वाद घातला नाही. "ढोल होता," तो म्हणाला. "म्हणूनच मला शंका आली."

शिनोमियाला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"हात पसरले तेव्हाच आली. म्हणून तर त्या वेळी हात मुद्दामच खाली घेतले नाहीत. म्हटलं, आता हा पोरगा विचारेल. तुम्हाला तो हक्क होता. सरांना मैदानात येता येत नाही, पण ज्याच्यावर निकाल लागला त्या खेळाडूला विचारता येतं. तुम्ही विचारलं असतं तर मी बाकीच्या तिघांना बोलावलं असतं. होम बेसवरचा, बॅटरमागचा अंपायर ती बाजू समोरून बघत होता. आम्ही चौघांनी मिळून ठरवलं असतं. मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो. सगळ्यात जवळ तुम्ही होतात. खरं काय ते तुमच्या पायाला माहीत होतं." तो थांबला. "आणि तुम्ही टोपी काढलीत, आणि वाकून नमस्कार केलात."

दुकानात घड्याळाचा आवाज होता, तो आता सुरू झाल्यासारखा वाटला.

म्हातारा पुढे जे बोलला ते हळूच, जवळजवळ माफी मागत. मनात म्हटलं, याला पटलंय. धावणारा आउट असता तर हा पोरगा वाकला असता का? माझी शंकाच गेली. त्या संध्याकाळी घरी आल्यावर ही विचारत होती, आज तोफू घालू की नको, आणि मी म्हटलं, घाल. बायकोनं खाली बघत मान हलवली. तिलाही ते आठवत होतं की ती नुसती नवऱ्याला दुजोरा देत होती, कळायला मार्ग नव्हता.

शिनोमिया आरशात बघत राहिला. राग होता, पूर्वीइतकाच होता, पण त्याला टेकायला जागा सापडत नव्हती. आजवर ज्या भिंतीला तो टेकवून ठेवला होता ती भिंत म्हाताऱ्यानं हळूच बाजूला केली होती. त्यानं नमस्कार का केला होता? तो कधी केला हेही त्याला आठवत नव्हतं. त्याला आठवत होता तो फक्त मानेवरचा हात. आईचा, ओल्या भांड्यांचा वास असलेला, मागून मानेवर येणारा. शेजारच्या आजीला नमस्कार कर. मास्तरांना नमस्कार कर. खेळताना काच फुटली, ती त्यानं फोडलीच नव्हती, दुसऱ्या मुलानं फोडली होती, पण आई त्याला घेऊन त्या घरी गेली आणि दारातच तो हात मानेवर आला, आणि मान खाली गेली, आणि त्या घरातल्या बाई म्हणाल्या, किती गुणी मुलगा आहे. मग हात नसतानाही मान जाऊ लागली. कुणी बोललं की जायची, कुणी रागावलं की जायची, फोनवर साहेबांशी बोलताना एकट्यानं उभं राहूनही जायची. मैदानावर त्या क्षणी पायाला खरं माहीत होतं, हाताला माहीत होतं, चेंडूच्या शिवणीला माहीत होतं. मानेनं कुणालाच विचारलं नाही. आणि त्या एका वाकण्यावर या माणसानं निकाल कायम केला, सरांनी वीस वर्षं धडे दिले, पन्नास लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपलीच चूक झाली होती असं म्हणावं तर ती चूक म्हणून कुणी मान्यही केली नसती. किती गुणी मुलगा आहे.

"मग आता सांगा," तो म्हणाला. "आता काय वाटतं तुम्हाला? आउट की सेफ?"

तोंडदेखलं काही बोलणं म्हाताऱ्याला सोपं होतं, एक शब्द, त्यात त्याचं काही जाणार नव्हतं. अंपायरकी संपली होती, दुकानात चौथं माणूस नव्हतं. शिनोमियाला दिसलं की म्हाताऱ्याची उजवी मूठ वळली, कोपर थोडं वर आलं, बाद देताना येतं तसं. मूठ छातीपर्यंत आली. तिथंच थांबली. ओठ उघडले होते. मग मूठ सुटली आणि हात खाली गेला.

"नाही सांगता येत," म्हातारा म्हणाला. "मी पाय बघितला. चेंडू ऐकला. मधे ढोल होता. आता त्यातलं काही उरलेलं नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी म्हणेन, पण मग तो निकाल होणार नाही."

राहू द्या, शिनोमिया म्हणाला. फेस वाळून गालाची कातडी ओढली जात होती. म्हाताऱ्यानं पुन्हा गरम पाणी घेतलं, पुन्हा फेस केला, दुसरा गाल त्याच संथपणे केला, हनुवटीखालचा खड्डा केला. बायकोनं उठून उगाच खिडकी पुसली. शिनोमियाला काही वाटत नव्हतं, किंवा इतकं काही वाटत होतं की त्यातलं एकही पुढे येत नव्हतं. मधेच त्याला हसूही आलं, तोफू आठवून, आणि ते त्यानं दाबलं, कारण वस्तरा गळ्यावर होता. एवढीच गोष्ट होती का, त्याच्या मनात येत राहिलं, तोंड उघडून विचारायचं. आणि त्या विचारानं त्याचं तोंड आणखी कडू होत गेलं. दाढी झाली. मानेवर पावडर पडली. म्हाताऱ्यानं ब्रशनं केस झटकले, मागं उभं राहून दोन हातांनी गोल आरसा धरला, आणि सगळे सलूनवाले विचारतात तसं, उत्तराची वाट न बघता, विचारलं, ठीक आहे ना?

समोरच्या आरशात त्या आरशातली त्याची स्वतःची मान दिसली, उघडी, गुलाबी, म्हातारी होऊ घातलेली. ती वाकायला निघाली. त्याला ती निघताना जाणवली, मणक्यापासून, अगदी सवयीनं, हो म्हणायला खाली. त्यानं ती अर्ध्यावर धरली. धरायला इतका जोर लागला की खांदे कापले.

"नाही," तो म्हणाला. "उजवीकडे राहिलंय."

म्हाताऱ्यानं आरसा खाली घेतला. वाकून बघितलं. चष्मा काढून, मग लावून बघितलं. "सारखं आहे," तो म्हणाला.

"मला तसं वाटत नाही. मी विचारतोय. पुन्हा बघा."

म्हातारा त्याच्याकडे आरशातून बघत राहिला, एक श्वासभर. मग त्यानं आरसा फळीवर पालथा ठेवला, दोन पावलं मागं सरला आणि वळून बायकोला हाक मारली. अगं, इकडे ये जरा, म्हणाला, तू सांग. ती हात पुसत आली. दिव्याचा खटका दाबून तिनं जास्तीचा दिवा लावला, नवऱ्याला हातानंच बाजूला केलं, आणि कमरेत वाकून, आधी डावीकडून, मग उजवीकडून, घाई न करता बघू लागली. तिचा श्वास शिनोमियाच्या मानेला लागत होता. त्यानं मान ताठ धरली आणि ती काय म्हणते त्याची वाट बघत राहिला.